पोक्त नर उगाच हलत नाही

माणूस कधी हलतो, का हलतो आणि कधी जागचा मुळीच हलत नाही, हे ज्याला फक्त हरणांवरून कळतं असा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू काही आपण निवडत नाही. आपण बायको निवडतो, म्हणजे निवडली असं आपल्याला वाटतं, आणि साडू लग्नानंतर हळूच उघडकीला येतो. माझं लग्न ठरलं तेव्हा आमची ही एवढंच म्हणाली होती, ‘‘ताईचे मिस्टर दोह्यात असतात. फार हुशार आहेत. जरा वेगळे आहेत.’’ तो ‘जरा’ केवढा मोठा आहे, हे मला इथे नोकरीला आल्यावर कळलं.

आमचे हे थोरले साडू मूळचे करमाळ्याकडचे. लहानपणी त्यांच्या ज्वारीत काळविटं शिरायची आणि ती हाकलायला यांना पाठवायचे. हे जायचे आणि बांधावर बसून ती बघत राहायचे. ज्वारी गेली, यांचं वेड राहिलं. पुढे इंजिनिअर झाले, कतारला आले, आणि मोठमोठ्या टॉवरांना गार पाणी पुरवणाऱ्या एका प्लांटवर चिकटले ते कायमचेच. अख्ख्या दोह्याला थंड ठेवायचं काम करणारा हा गृहस्थ बाहेर पंचेचाळीस डिग्री असतानाही अंगात हाफ स्वेटर घालून हिंडतो. आणि शाकाहारी म्हणजे किती? केकमध्ये अंडं असेल तर तो केक कापलेली सुरी ते वेगळ्या बेसिनमध्ये धुवायला लावतात. घरात झुरळ निघालं तर सुपलीत घेऊन लिफ्टने खाली जातात आणि ते राहतात त्या बिन महमूद भागातल्या फुटपाथवर त्याला सोडून येतात. ‘‘त्याला वरचा पत्ता पाठ झालाय, ते परत येतं,’’ असं ताईंचं म्हणणं आहे. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी.

तर असा हा मुंगी न मारणारा माणूस रोज रात्री जेवण झालं की सोफ्यावर मांडी घालून काय बघतो? शिकारीचे व्हिडिओ! अमेरिकेतले धिप्पाड लोक, पानापानांचे कपडे घातलेले, झाडावर मचाण बांधून बसलेले आणि कुजबुजत बोलणारे. त्यातही साडूभाऊंचा विषय एकच. हरणाच्या शिकारीचा हंगाम उतरणीला लागला की वयात आलेला जुना नर कसा हलतो. ‘मॅच्युअर बक’चं ‘पोक्त नर’ हे भाषांतर त्यांचं स्वतःचं. शिकारी कुजबुजतो, बर्फातून ते शिंगाळं धूड सावकाश येतं, यांचा श्वास अडकतो, आणि शिकाऱ्याने बंदूक खांद्याला लावली रे लावली की साडूभाऊ टप्पकन व्हिडिओ बंद करतात. आजवर त्यांनी एकही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेला नाही.

मी एकदा म्हणालो, ‘‘अहो साडूभाऊ, एवढं बघितलंत, शेवट तरी बघा!’’

‘‘पुढचं आपल्याला काय करायचंय?’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘शेवट त्यांचा. आपल्यापुरता तो नर अजून बर्फात उभा आहे, धाकले.’’ मला ते ‘धाकले’ म्हणतात. माझे केस पांढरे झाले तरी म्हणतात.

त्यांच्या शास्त्राचे नियम मला इतके पाठ झालेत की झोपेत विचारलंत तरी सांगेन. उतरत्या हंगामात पोक्त नर उगाच हलत नाही. हललाच तर दोनच कारणांनी: भूक नाहीतर थंडी. माद्यांसाठी सुद्धा नाही, तो हंगाम मागे सरलेला असतो. (हे वाक्य ते ताई स्वयंपाकघरात असताना जरा हळू म्हणतात.) उघड्यावर तो कधी पहिला येत नाही, तरण्यांना पुढे पाठवतो. आणि समोरून तर तो येतच नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाने लांबचा वळसा घालतो, आधी वास घेतो, सगळं ठीक वाटलं तर मग मागल्या बाजूने येऊन उभा राहतो. हे सगळं हरणांपुरतं ठेवलं असतं तर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण साडूभाऊ ते सबंध मानवजातीला लावतात.

आता पार्किंगचंच घ्या. बिन महमूदमध्ये गुरुवारी संध्याकाळी पार्किंग मिळणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. सगळं जग गाडी घेऊन गल्लीला गरगर फेऱ्या मारत असतं. साडूभाऊ फेरी मारत नाहीत. ते एका कोपऱ्यात गाडी उभी करून बसतात. ‘‘फिरतात ते तरणे,’’ म्हणतात. ‘‘आपण बसायचं. कोण कशासाठी हलणार ते ओळखायचं. तो पांढऱ्या गाडीवाला बघा, हॉटेलात शिरून बराच वेळ झाला. पोट भरलं की उठतोय बघा.’’ एकदा आम्ही त्यांच्याकडे जेवायला निघालो होतो, ते आमच्याच गाडीत, म्हणून गाडी त्यांच्या शास्त्राप्रमाणे लावायची ठरली. पांढऱ्या गाडीवाल्याचं पोट भरायला इतका वेळ लागला की माझी लेक, ही आणि शेवटी मीसुद्धा उतरून वर गेलो, जेवलो, श्रीखंडाची दुसरी वाटी संपवली, तेव्हा कुठे साडूभाऊ विजयी मुद्रेने दारात उभे राहिले. ‘‘मिळालं!’’ म्हणाले. माझी लेक मराठी समजते पण बोलते इंग्रजी. ती पुटपुटली, ‘‘काका इज सो वीअर्ड.’’ आणि लगेच उठून त्यांना पाणी आणून दिलं.

मराठी मंडळींच्या गणपतीच्या महाप्रसादालाही तेच. अल गराफाच्या शाळेच्या हॉलमध्ये ही लांबलचक रांग. साडूभाऊ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणणार, ‘‘धाकले, तुम्ही तरणे. व्हा पुढे.’’ मी आपला ताट घेऊन रांगेत, पुढच्या माणसाच्या मानेकडे बघत. माझा नंबर येईपर्यंत मसालेभातातला काजू संपलेला, पुऱ्या गार पडलेल्या. आणि बघतो तर साडूभाऊ एका खुर्चीवर, ताटात टम्म फुगलेली पुरी! हे काय? तर गृहस्थ बाहेरून हॉलला वळसा घालून, तळणाचा वास येईल त्या दिशेने मागच्या दाराने आत शिरलेले. तिथे पुऱ्या तळणाऱ्या वहिनींनी ‘अय्या, काका तुम्ही!’ करून थेट कढईतून वाढलेलं. ‘‘समोरून यायचंच कशाला?’’ तोंडातला घास सांभाळत ते म्हणाले.

इथवर ठीक होतं. पण एकदा आमच्या कंपनीत वारं फिरलं. इथल्या नोकरीत असं वारं मधूनमधून फिरतंच. कुणाला पत्र मिळतं, कुणाचं टेबल एका सकाळी रिकामं दिसतं. त्याच दिवसांत साहेबांनी विचारलं, नव्या प्रोजेक्टवर जायला कोण तयार आहे? मी हात वर करणारच होतो. आदल्या संध्याकाळी साडूभाऊंकडे गेलो.

‘‘खुळे का काय!’’ ते म्हणाले. ‘‘हंगाम उतरतोय, चहूकडे बंदुका, आणि तुम्ही उघड्या माळावर शिंगं हलवत जाणार? गप झुडपात बसा. पोक्त माणूस हलत नसतोय.’’

मी गप्प बसलो. माझ्याऐवजी जो हलला, तो आज माझा साहेब आहे. हे मी त्यांना वर्षातून एकदा तरी ऐकवतो. त्यावर त्यांचं उत्तर तयार असतं: ‘‘पण तुमच्याएवढी झोप लागते का त्याला?’’ खरं सांगायचं तर नाही लागत. त्याचे डोळे नेहमी लाल असतात.

ताईंबद्दल सांगितल्याशिवाय साडूभाऊंचं चित्र पुरं होणार नाही. ताई नाशिकच्या, आणि ताई बोलतात. म्हणजे सतत बोलतात. माणूस समोर असावाच असं नाही. नळाशी बोलतात, कुकरशी बोलतात, न फुगलेल्या भाकरीला सुनावतात, फोनवर आमच्या हिच्याशी बोलता बोलता मध्येच दाराशी आलेल्या लाँड्रीवाल्याशी हिंदीत बोलून पुन्हा जिथे होत्या तिथे येतात. मी एकदा धीर करून साडूभाऊंना विचारलं, ‘‘तुम्हाला कधी त्रास नाही होत?’’

ते हसले. ‘‘माळावर पाखरं बोलत असली की समजायचं, सगळं ठीक आहे. एकदम गप झाली की समजायचं, काहीतरी झालंय. हिचा आवाज चालू आहे तोवर मी निर्धास्त असतो.’’

आतून ताई ओरडल्या, ‘‘पाखरं कुणाला म्हणताय?’’

दर हिवाळ्यात साडूभाऊ सुट्टीच्या दिवशी दुखानच्या रस्त्याने पश्चिमेला जायचे. तिकडे समुद्रात घुसलेला एक राखीव माळ आहे, चुनखडीच्या टेकाडांचा. तिथे रीम नावाची इथली वाळवंटी हरणं मोकळी फिरतात. माद्या, पिल्लं, तरणे नर, सगळे गाडीच्या काचेपाशी येऊन बघतात. पण साडूभाऊंना त्यांच्यात रस नव्हता. त्यांना एकच हवा होता: एक शिंग अर्धं तुटलेला, सगळ्यांत जुना नर. पहिल्याच हिवाळ्यात तो त्यांना लांबून, टेकाडाच्या कडेला क्षणभर दिसला आणि नाहीसा झाला. त्यानंतर खुरांचे ठसे दिसले, लेंड्या दिसल्या, तो काही दिसला नाही. साडूभाऊ त्याचा उल्लेख फार आदराने करायचे. ‘‘आज ते आले नाहीत,’’ म्हणायचे. ‘‘मागच्या शुक्रवारी ते येऊन गेले असावेत.’’ ताई म्हणायच्या, ‘‘जुन्या बायका नवऱ्याबद्दल बोलायच्या तसं बोलतात हो हरणाबद्दल! आणि मी बरोबर यायचं? यांची वाट बघण्यात जन्म गेला, आता हरणाची बघू?’’ आणि त्या कधीच गेल्या नाहीत.

मग साठी आली. कंपनीने हार, शाल, घड्याळ दिलं, व्हिसा रद्द व्हायची तारीख दिली, खलास. जानेवारी संपता संपता दोघांनी कायमचं पुण्याला जायचं ठरलं. घरात खोके भरले जाऊ लागले. साडूभाऊ वरवर चेष्टामस्करी करत होते, पण एका संध्याकाळी गॅलरीत मला म्हणाले, ‘‘धाकले, सगळं झालं इथं. पोरगी शिकली, घर झालं. एवढं एक राहिलं बघा. त्यांना एकदा जवळून बघितलं असतं, म्हणजे झालं असतं.’’ त्यांचा आवाज इतका साधा होता की मला चेष्टा सुचेना. मी म्हणालो, ‘‘या शुक्रवारी जाऊ. मी येतो.’’ निघायच्या आधीचा तो शेवटचाच शुक्रवार होता.

त्या शुक्रवारची तयारी बुधवारपासून सुरू झाली. वासाचा साबण बंद. माझ्या सहकाऱ्याने दिलेलं अत्तर कपाटात कुलूपबंद. कपडे नुसत्या पाण्यात धुवायचे. देवापुढे उदबत्ती नाही, यावरून ताईंनी अर्धा दिवस देवाची माफी मागितली, मोठ्याने. आणि निघायच्या वेळी ताई स्वतःच पर्स घेऊन दारात उभ्या! ‘‘शेवटचं म्हणताय म्हणून येतेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हरणाबिरणात मला काडीचा रस नाही. आणि ही मेथी बरोबर घेतेय. फ्रिज रिकामा करायचाय, चांगल्या दोन जुड्या मी टाकून देणार नाही. तिथे बसून निवडीन.’’

‘‘मेथी?’’ साडूभाऊंनी कपाळावर हात मारला. ‘‘अगं, वास!’’

‘‘मग मी उतरते.’’

‘‘यल्ला, चला, बसा,’’ साडूभाऊ म्हणाले.

पुढे ते, शेजारी मी, मागे ताई आणि आमची ही. वाटेत पेट्रोल पंपावर मला करक चहा प्यायचा होता. परवानगी मिळाली नाही. वेलदोड्याचा वास म्हणे कपड्यांना लागतो. पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती, हवा छान गार होती. साडूभाऊंनी खिशातून एक छोटी डबी काढली. तांदळाचं पीठ! चिमूटभर पीठ हवेत सोडून त्यांनी ते कुठे जातं ते पाहिलं. वारा उत्तरेकडून येत होता. मग त्यांनी व्यूह रचला. गाडी इथे. तिच्या पुढे, हाकेच्या अंतरावर, एका बुटक्या टेकाडाआड आम्ही दोघे, तोंड उत्तरेला. म्हणजे समोरून ते येतील आणि आपला वास मागे जाईल. मोबाईल बंद. बोलायचं नाही, खोकायचं नाही, हलायचं तर अजिबात नाही. ताईंनी गाडीतली घडीची खुर्ची उघड्यावर मांडली, पायाशी पेपर पसरला, मेथीची जुडी सोडली. आमची ही मागच्या सीटवर आडवी झाली आणि तिला झोप लागली.

टेकाडाआड पालथं पडून समोरच्या रिकाम्या माळाकडे बघण्यात एक मजा असते, ती साधारण पाच मिनिटं टिकते. मग कोपराला खडे टोचायला लागतात. नाक खाजतं. मी नाकाकडे हात नेला तर साडूभाऊंनी एका बोटाने तो खाली दाबला. मागून ताईंचा आवाज येत होता. ‘‘काय मेली मेथी, नुसत्या काड्याच काड्या... आणि हे दोघं बघा, पालथे पडलेत... या वयात सर्दी झाली म्हणजे...’’ मी भुवया उंचावून साडूभाऊंकडे पाहिलं. ते ओठ न हलवता म्हणाले, ‘‘बोलू द्या. पाखरं बंद केली तर उलट संशय येतो.’’

माळ तसाच रिकामा. दोन माद्या आल्या, चरल्या, गेल्या. सूर्य खाली चालला. साडूभाऊंची नजर समोरच्या टेकाडावर खिळलेली. त्यांच्या गालाचा स्नायू तेवढा हलत होता. मला मनापासून वाटायला लागलं, ये रे बाबा. इतकी वर्षं झाली, आता आज तरी ये. या माणसाने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.

आणि ताईंचा आवाज बंद झाला.

पहिल्यांदा मला बरंच वाटलं. मग कानाला चुकल्यासारखं व्हायला लागलं. मेथी नाही, सर्दी नाही, काहीच नाही. साडूभाऊंच्या मानेची शीर ताठ झाली. ते अजून समोरच बघत होते, पण आता बघत नव्हते, ऐकत होते. मी कुजबुजलो, ‘‘झोपल्या असतील.’’

‘‘ही झोपेतही बोलते,’’ साडूभाऊ म्हणाले, आणि धडपडत उठले. हळूबिळू काही नाही! कोपर खडकावर आपटलं, गुडघे कडाडले, पिठाची डबी घरंगळत गेली. तोंडाने ‘‘काय झालं गं?’’ एवढे शब्द निम्मे बाहेर आले आणि निम्मे आतच राहिले. मीही वळून बघितलं.

ताईंच्या खुर्चीच्या शेजारी, पेपरवर मान वाकवून, तो उभा होता. एक शिंग सरळ, दुसरं अर्ध्यावर तुटलेलं. तोंडाभोवतीचे केस पांढरे, मान जाडजूड, पोट थोडं सुटलेलं. शांतपणे मेथीच्या काड्या खात होता. दक्षिणेकडून आला असणार, वाऱ्याच्या खालच्या अंगाने, लांबचा वळसा घालून, मेथीच्या वासावर. साडूभाऊंनी सगळ्या जगाला शिकवलेला नियम त्यांच्या स्वतःच्याच लक्षात राहिला नव्हता, आणि त्याने तो तंतोतंत पाळला होता.

पण मी बघत होतो ताईंकडे. हरणाबिरणात काडीचा रस नसलेल्या ताई! त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हे साडूभाऊ पन्नासदा सांगून चुकले होते. त्यांनी हात थांबवले नव्हते, कारण चालू असलेली हालचाल एकदम थांबली की जनावर बिचकतं. नजर मांडीवर ठेवून त्या मेथी खुडत होत्या आणि काड्या हळूच त्याच्या बाजूला सोडत होत्या. खुर्चीची कुरकुर नाही, बांगडीचा आवाज नाही. सगळं शास्त्र बाईला तोंडपाठ! इतकी वर्षं कुकरशी बोलता बोलता एका कानाने सगळं ऐकत होती. आणि आता नवऱ्याने वळून बघावं म्हणून, त्याला हाक मारता येत नाही म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली होती.

त्याने मान वर केली. साडूभाऊंकडे पाहिलं. साडूभाऊ अर्धवट उठलेले, एक गुडघा टेकलेला, स्वेटरला माती लागलेली. दोघे पोक्त नर एकमेकांकडे बघत राहिले. कुणीच हललं नाही. मग त्याने पुन्हा खाली मान घातली आणि खाऊ लागला. मला वाटलं साडूभाऊ आता मोबाईल काढतील. त्यांनी काढला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, आवाज न करता. असे ते किती वेळ बघत होते कोण जाणे. आणि मग, ते जनावर अजून तिथेच उभं असताना, साडूभाऊ सावकाश वळले आणि पुन्हा उत्तरेकडे, रिकाम्या माळाकडे तोंड करून बसले.

‘‘अहो, आहे अजून!’’ मी कुजबुजलो.

‘‘पुढचं आपल्याला काय करायचंय?’’ ते म्हणाले, आणि माझी मान धरून माझंही तोंड फिरवलं.

त्यामुळे तो केव्हा गेला, कुठल्या दिशेने गेला, हे आम्हाला माहीत नाही. आम्हाला फक्त पुन्हा सुरू झालेला आवाज ऐकू आला. ‘‘अर्धी जुडी खाल्ली मेल्याने! काड्या दिल्या होत्या, तर पानांना तोंड घातलंन! आता उद्या भाजी कशाची करू?’’ आमची ही तेवढ्यात जागी होऊन विचारत होती, ‘‘काय गं ताई, आलं का हरीण?’’

परतताना पंपावर मला करक मिळाला. साडूभाऊंनी स्वतः आणून दिला, वर वेलदोडा जास्त घालायला लावून. अंधारायला लागलं होतं. मागून ताई म्हणाल्या, ‘‘एक विचारू का हो? तुमचा तो पोक्त नर या दिवसांत दोनच कारणांनी हलतो ना? मग तुम्ही कशाने हललात? भूक लागली होती का थंडी वाजत होती?’’

आमची ही फिस्सकन हसली. साडूभाऊ दोह्याचे दिवे दिसायला लागेपर्यंत गाडी हाकत राहिले. मग समोर बघतच म्हणाले, ‘‘तू गप झालीस.’’

त्यावर ताई खरोखरच गप्प झाल्या. इतक्या गप्प की साडूभाऊंनी आरशात दोनदा बघितलं आणि शेवटी म्हणाले, ‘‘अगं, बोल की काहीतरी.’’

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. खोके, बॅगा, आणि ताईंच्या हातात कापडात गुंडाळलेला पोळपाट, तो बॅगेत टाकला तर मोडेल म्हणून. आत जायच्या दारापाशी साडूभाऊंनी शास्त्राप्रमाणे ताईंना पुढे पाठवलं आणि स्वतः ट्रॉलीचा दांडा धरून मागे थांबले. त्या हाफ स्वेटरमध्ये ते मला एकदम म्हातारे वाटले. ज्यांच्या नादाने मी साहेब झालो नाही, ज्यांच्यामुळे गार पुऱ्या खाल्ल्या, त्या माणसावाचून हे शहर मला कसं लागेल हे काही कळेना. माझी लेक त्यांना बिलगली आणि चक्क मराठीत म्हणाली, ‘‘काका, जाऊ नका.’’ त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघून हात वर केला, ‘‘येतो, धाकले,’’ म्हणाले.

आणि मी वळलो. पार्किंगच्या दिशेने चालायला लागलो. आमची ही मागून धावत आली. ‘‘अहो, थांबा ना, अजून दिसतायत ते! जाईपर्यंत तरी बघा!’’

‘‘दिसू देत,’’ मी म्हणालो. ‘‘पुढचं आपल्याला काय करायचंय?’’

मी मान फिरवली नाही. आत त्या गर्दीत कुठेतरी पोळपाटावरून ताई तिथल्या माणसाशी हिंदीत वाद घालत होत्या, आणि त्यांचा आवाज दारापर्यंत अगदी स्वच्छ ऐकू येत होता.